गाण्याचा दोष कोणाचा?



आपल्या तरुणांना एखाद्या गाण्यातील शब्दांविषयी विचारले, तर एक उत्तर हमखास मिळते : "शब्द कोण ऐकते, मास्तर? आपल्याला ठेका पाहिजे." हे उत्तर ते खोडसाळपणाने देत नाहीत. त्यांना खरेच तसे वाटते. वरातीत डीजे लागला आहे, पाय थिरकत आहेत, अशा वेळी गाण्याच्या एखाद्या ओळीत कोणा जातीला किंवा धर्माला शिवी आहे, हे कोणी दाखवून दिले, तर त्याच्याकडे मिठाचा खडा टाकणारा म्हणूनच पाहिले जाते.

आमचा केळापूर तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. पांढरकवड्याच्या बाजारात मराठी, हिंदी आणि तेलुगू अशी तिन्ही भाषांतील गाणी कानावर पडतात. कोलाम आणि गोंड वस्त्यांतील मुले शाळेत येताना आपली आणखी निराळी बोली घेऊन येतात. परंतु मधल्या सुट्टीत सर्वांच्या ओठी मोबाइलवरची तीच गाणी असतात. निम्म्या शब्दांचा अर्थ मुलांना ठाऊक नसतो. अर्थ ठाऊक नसतानाही ओळ मात्र तोंडपाठ असते. धडा पाठ करायला ज्यांना आठ दिवस लागतात, त्यांना गाणे एका दुपारी पाठ होते. ज्या साधनात एवढे बळ आहे, ते वापरणाऱ्यावर जबाबदारी नाही, असे कसे म्हणता येईल?

म्हणून आज आपणापुढे एक प्रश्न ठेवतो. गाण्यात द्वेष असेल, तर त्याचा दोष कोणाचा? लिहिणाऱ्याचा, गाणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, वाजविणाऱ्याचा, की नाचणाऱ्याचा?

हा प्रश्न प्रत्यक्ष तथागतांपुढे आलेला आहे. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटाची कथा आहे. तो नटांच्या एका मोठ्या ताफ्याचा नायक होता. त्याने तथागतांना विचारले, की रंगभूमीवर खऱ्याखोट्याने लोकांना हसविणारा, रिझविणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, असे आमचे जुने आचार्य सांगत आले आहेत. आपले म्हणणे काय? तथागतांनी दोनदा त्याला 'हे विचारू नकोस' म्हणून थांबविले. तिसऱ्यांदा त्याने विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, की लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. नट त्यात आणखी भर घालतो. स्वतः बेहोश होतो आणि इतरांना बेहोश करतो. अशा माणसाची गती नरकाची आहे. नरक हा शब्द आपण परलोकाच्या अर्थाने घेण्याचे कारण नाही. द्वेषाने पेटलेले मन आणि त्या मनाने पेटविलेली वस्ती, एवढा अर्थ पुरेसा आहे. हे ऐकून तालपुट रडला. तथागतांनी कठोर शब्द सांगितले म्हणून तो रडला नाही. जुन्या आचार्यांनी आपल्याला इतकी वर्षे फसविले, म्हणून तो रडला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. त्यानंतर लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. १८९४ च्या उत्सवात मेळे निघाले. मेळा म्हणजे एकसारखा पोशाख केलेल्या मुलांचा आणि तरुणांचा जथा. तो पदे म्हणत रस्त्याने जाई. पदे छापूनही वाटली जात. त्यांतील काही पदे भक्तीची होती. परंतु काही पदांत हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांकडे पाठ फिरवावी, मुसलमानांच्या सणात कशाला जाता, अशी चिथावणी होती. त्यापूर्वी पुण्यातील हिंदू ताबुतांत मोठ्या संख्येने भाग घेत. स्वतः ताबूतही बसवीत. त्याच सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून मेळा वाजतगाजत जात असता तेथे मारामारी झाली. पिढ्यान्पिढ्यांचा शेजार फार थोड्या काळात दुरावला. शेजार तोडण्याच्या त्या कामी पदांचाही हात होता.

वाचक हो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तीच चिथावणी एखाद्याने चौकात उभे राहून भाषणातून दिली असती, तर चार माणसांनी वाद घातला असता. पदाशी वाद कसा घालणार? पद संपते, टाळ्या पडतात आणि शब्द मात्र मनात राहतो.

मेळ्याचे आयुष्य उत्सवापुरते दहा दिवसांचे असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत काही मंडळींनी द्वेषाच्या गाण्यांचे बारमाही दुकान काढले. त्या दुकानाचा इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे, कारण त्यातील गिऱ्हाईक, माल आणि नफा या तिन्ही गोष्टी उघड्या डोळ्यांनी पाहता येतात.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात १९७६ साली इयान स्टुअर्ट डोनाल्डसन नावाच्या तरुणाने 'स्क्रूड्रायव्हर' नावाचा वाद्यवृंद काढला. गिटार आणि ढोल यांच्या दणदणाटावर आरडून गाण्याची ती पद्धत होती. आरंभी त्यांच्या गाण्यांत राजकारण नव्हते. पुढे डोनाल्डसन गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड प्रचारक झाला. 'नॅशनल फ्रंट' या वंशद्वेषी पक्षाने 'व्हाइट नॉइज रेकॉर्ड्स' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि १९८३ साली तिच्यातर्फे या वृंदाची रेकॉर्ड बाजारात आली. पक्षाच्या सभेला न येणारी बेकार, चिडलेली पोरे गाण्याच्या कार्यक्रमाला येत. पक्षाला हेच पाहिजे होते. त्यानंतर पश्चिम जर्मनीतील 'रॉक-ओ-रामा' या कंपनीने असल्या गाण्यांच्या रेकॉर्ड काढून देशोदेशी विकल्या. १९८७ साली डोनाल्डसन आणि नॅशनल फ्रंट यांचे पैशाच्या हिशेबावरून फाटले आणि त्याने आपली वेगळी संघटना काढली. वंशाची शुद्धता राखावयास निघालेली माणसे भांडली ती रुपया-पैशावरून, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९३ साली मोटार अपघातात तो मेला.

त्याच सुमारास जर्मनीत काय चालले होते? नोव्हेंबर १९९२ मध्ये मोल्न येथे तुर्की कुटुंबांची घरे पेटविण्यात आली. एक आजी आणि दोन मुली मेल्या. मे १९९३ मध्ये झोलिंगेन येथे अशाच आगीत पाच तुर्की स्त्रिया व मुली जळून गेल्या. या आगी गाण्याने लावल्या, असे मी म्हणणार नाही. काडी हाताने ओढली जाते. परंतु त्या काळात परक्या देशातून आलेल्या माणसाचे घर जाळणे हे शौर्य आहे, अशी समजूत काही तरुणांत पसरली होती आणि ती पसरविण्याचे काम असली गाणी करीत होती. जर्मन पोलिसांनी १९९३ साली रॉक-ओ-रामावर छापा घातला. तोवर माल घराघरांत गेला होता.

त्याच वर्षी कॅनडातील विंडसर गावच्या जॉर्ज बर्डी या विशीतल्या तरुणाने सोबत्यांसह 'रेझिस्टन्स रेकॉर्ड्स' ही कंपनी उभी केली. कॅनडात द्वेषप्रचाराविरुद्ध कायदा कडक आहे. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण फार मोठे. म्हणून कंपनीचे दुकान नदीपलीकडे, अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या परिसरात थाटले. टपालाने माल पाठवायचा, चकचकीत मासिक काढायचे, असा पद्धतशीर धंदा होता. बर्डी स्वतःही एका वृंदात गात असे. १९९३ साली ओटावा येथे झालेल्या चकमकीत त्याने द्वेषाला विरोध करणाऱ्या एका स्त्रीला लाथ मारून जखमी केले आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. एप्रिल १९९७ मध्ये दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी छापे घालून कंपनीचा माल व कागदपत्रे जप्त केली. अमेरिकेतील छाप्याला आधार काय होता? विक्रीकराचा परवाना नव्हता! द्वेषाला कायद्याने हात लावता आला नाही. हिशेबाच्या चुकीला लावता आला. पुढे बर्डीने ही चळवळच सोडून दिली.

परंतु दुकान बंद झाले नाही. १९९९ साली ते 'नॅशनल अलायन्स' या संघटनेच्या विल्यम पिअर्स याने घेतले. हा पिअर्स भौतिकशास्त्रातील डॉक्टर पदवी मिळविलेला, एके काळचा प्राध्यापक. त्याला स्वतःला असले संगीत आवडत नसे. त्याची आवड अभिजात संगीताची. तरीही त्याने कंपनी घेतली, कारण तरुणांपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग आहे आणि संघटनेला यातून पैसाही मिळतो, हे त्याला कळले होते. शिकलेला माणूस विष ओळखतो, स्वतः पीत नाही आणि दुसऱ्याच्या पोरांना विकतो. २००२ साली तो मेला आणि कंपनी हळूहळू उतरणीला लागली.

आपण शिकलो की आपोआप चांगले होऊ, असे आपल्या समाजात पुष्कळांना वाटते. मी घरातला पहिला पदवीधर आहे आणि शिक्षणाची किंमत मला कोणी सांगावी लागत नाही. परंतु पिअर्सचे उदाहरण सांगते, की शील नसलेले शिक्षण हे धार लावलेले शस्त्र आहे.

आता शाळेची गोष्ट ऐका. मिनेसोटा राज्यातील 'पॅन्झरफाउस्ट रेकॉर्ड्स' या तशाच दुसऱ्या कंपनीने २००४ साली एक लाख सीडी शाळकरी मुलांत वाटण्याची योजना जाहीर केली. शाळेच्या अंगणातच पोरे गाठायची, हा बेत होता. दुसऱ्याच वर्षी ही कंपनी मोडली. का मोडली? तिच्या मालकाची आई मेक्सिकन वंशाची असल्याची बातमी फुटली. ज्याने वर्षानुवर्षे शुद्ध गोऱ्या रक्ताची गाणी विकली, त्याच्यावरच त्याच्या सोबत्यांनी जन्माचा दाखला पुढे करून बहिष्कार घातला. जन्मावर माणसाची किंमत करणारी विचारसरणी शेवटी घरच्या माणसालाही सोडत नाही. हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या दुकानदारीची आच भारतीयांच्या घरापर्यंतही पोहोचली. रविवार, ५ ऑगस्ट २०१२. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ओक क्रीक येथील गुरुद्वारात लंगरची तयारी चालली होती. वेड मायकेल पेज नावाचा माणूस आत शिरला आणि त्याने गोळीबार केला. गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका यांच्यासह सहा जण त्या दिवशी मेले. सातवे, बाबा पंजाबसिंग, पक्षाघाताने अंथरुणाला खिळून राहिले आणि २०२० साली गेले. पेज हा गोऱ्या वर्चस्वाची गाणी गाणाऱ्या वृंदांतील वादक व गायक होता. एक रेकॉर्ड कंपनी त्याचा माल विकत होती. गोळीबारानंतर तिने त्याच्या वृंदाचा माल घाईघाईने आपल्या दुकानातून काढून टाकला. माल काढला, परंतु जो आधीच विकला गेला, त्याचे काय?

येथे कोणी म्हणेल, "हजारोंनी ती गाणी ऐकली, बंदूक एकानेच उचलली. मग गाण्याचा काय दोष?" आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु विचार करा. गावठी दारू हजार जण पितात, एखादाच बायकोचे डोके फोडतो. म्हणून दारू निर्दोष ठरते काय? उरलेले नऊशे नव्याण्णव कोणाचे डोके फोडत नसतील, पण त्यांची घरे सुखी आहेत काय? द्वेषाचे गाणे ऐकणारा प्रत्येक जण खून करीत नाही. परंतु उद्या शेजाऱ्याचे घर जळू लागले, तर बादली घेऊन धावण्याऐवजी तो दार लावून बसतो. गाण्याने एवढे केले तरी ते विषच होय. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा. विष म्हणजे बाटलीतलेच, असा संकुचित अर्थ आपण का करावा?

मग दोष कोणाचा? माझे उत्तर असे, की तो वाटला जातो, पण वाटल्याने कमी होत नाही. लिहिणाऱ्याचा, गाणाऱ्याचा दोष आहेच. विकणाऱ्याचा अधिक, कारण तो शुद्धीवर असतो. नाचणाऱ्याचा दोष लहान असेल, पण गिऱ्हाईक तोच असल्यामुळे त्याच्यावाचून दुकान चालत नाही. हे दुकान आता आपल्या देशातही आले आहे. मुंबईचे पत्रकार कुणाल पुरोहित यांनी २०२३ साली 'एच-पॉप' या इंग्रजी पुस्तकात उत्तर भारतातील अशा गायक-कवींचा धांडोळा घेतला. आता टपाल लागत नाही, दुकानही लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो.

"मग आमच्या विद्रोहाच्या गाण्यांचे काय? तीही कोणाला तरी टोचतातच की!" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे एका दलित तरुणाला ठार मारण्यात आले. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, ही त्यामागची ठिणगी असल्याचे तक्रारीत नोंदले गेले. म्हणजे गाणे कोणाला टोचले, एवढ्यावरून ते द्वेषाचे ठरत नाही. गुलामाने मान वर केली, तर मालकाला ते टोचणारच. म्हणून कसोटी दुसरी पाहिजे.

ती कसोटी मला अशी दिसते. गाणे माणसाच्या वागण्यावर प्रहार करते, की त्याच्या जन्मावर? वागणे सोडता येते. पाणवठा खुला करता येतो, सावकारी सोडता येते, मनुस्मृती जाळता येते. म्हणून वागण्यावरचा प्रहार कितीही कडक असला, तरी त्यात समोरच्याला बदलण्याची वाट मोकळी असते. जन्म मात्र कोणाला सोडता येत नाही. जन्माला शिवी देणारे गाणे समोरच्याला एकच गोष्ट सांगते : तू असूच नकोस. पुण्याच्या १८९४ च्या त्या पदांत आणि डेट्रॉइटच्या सीड्यांत भाषा, वाद्ये, देश सारे निराळे. पण माणसाला त्याच्या गटावरून परका ठरविण्याची खोड एकच.

ही कसोटी दुसऱ्याला लावायची आणि स्वतःला सूट द्यायची, असे चालणार नाही. १९२२ च्या सुमारास पुण्यात ब्राह्मणेतर पक्षाच्या तरुणांनी छत्रपती मेळा काढला. भटशाहीवर त्याने केलेला हल्ला योग्यच होता. परंतु त्याच्या काही पदांत ब्राह्मण स्त्रियांविषयी अनुदार बोलल्याचे आरोप झाले. जेथे असे झाले, तेथे पद कसोटीतून उतरले, असेच म्हणावे लागेल. याउलट भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी १९३० नंतर उभे केलेले आंबेडकरी जलसे आठवा. अस्पृश्यता, दारू, अज्ञान यांवर त्यांचे आसूड होते. त्या आसुडांनी आपल्याच लोकांच्या पाठीही सोडल्या नाहीत. माणसे जलशातून घरी जात ती दारूची बाटली फोडण्याच्या आणि पोराला शाळेत घालण्याच्या निश्चयाने. ठेका तेथेही होता, टाळ्या तेथेही होत्या. ठेक्याचे वैर कोणाशीच नाही.

आपण जन्मावरून दिलेल्या शिव्या पिढ्यान्पिढ्या ऐकल्या आणि त्या शिव्यांचे शास्त्र सोडून बाहेर आलो. ते शास्त्र सोडून तीच शिवी दुसऱ्याच्या जन्माला देऊ लागलो, तर आपण घर बदलले, पण भांडी जुनीच आणली असे होईल.

घरी काय करावे? मुलाच्या हातून मोबाइल हिसकावू नका. त्याला जवळ बसवा आणि म्हणा, बाळा, हे गाणे मला वाचून दाखव. चाल न लावता, साध्या आवाजात, एकेक ओळ. मी वर्गात हेच करवून घेतो. ठेका काढला की शब्द उघडा पडतो. मग विचारा, ज्याच्याविषयी हे आहे तो तुझ्या बाकावर बसला असता, तर त्याच्या तोंडाकडे पाहून तू हे म्हटले असतेस काय? मुले उत्तर देत नाहीत. देण्याची गरजही नसते. लग्न आपल्या घरचे असेल, तर डीजेवाल्याला इसार देतानाच कोणती गाणी वाजणार नाहीत ते सांगा. पैसा आपला आहे. गिऱ्हाईकाने नाही म्हटले, की दुकानदार माल बदलतो.

आणि ज्याच्या तोंडी असले गाणे आहे, त्याला कायमचा शत्रू समजू नका. मिलवॉकीचा आर्नो मायकेलिस हा 'सेंच्युरियन' नावाच्या गोऱ्या वर्चस्ववादी वृंदाचा गायक होता. १९९४ नंतर, लहान मुलीचा बाप म्हणून एकट्याने संसार करताना, त्याने तो मार्ग सोडला. ओक क्रीकच्या हत्याकांडानंतर मृत सतवंतसिंगांचे पुत्र परदीपसिंग यांनी स्वतः होऊन त्याची भेट घेतली. बापाला मारणारा ज्या गाण्यांच्या जगातून आला, त्याच जगातून आलेल्या माणसाशी बसून बोलावे, याला केवढे धैर्य लागते! पुढे हे दोघे शाळाशाळांतून एकत्र बोलू लागले. २०१८ साली दोघांनी मिळून पुस्तकही लिहिले.

तालपुटाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. तो ताफा सोडून भिक्खू झाला आणि अर्हतपदाला पोहोचला. थेरगाथेत त्याच्या नावावर एक दीर्घ गाथासंग्रह आहे. त्यात तो स्वतःच्या चित्ताशीच झगडतो, दुसऱ्या कोणाशी नाही. गळा तोच होता. फक्त त्याने कोणाला हाक मारावयाची, ते बदलले होते.

जयभीम.